ढोलकीवाल्याची ओळ

गाणी शिकवणाऱ्या माणसानं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. या अंकाच्या संपादकांनीही तेच सुचवलं. म्हणाले, मास्तर, नाताळचा अंक आहे, जुन्या भजनांच्या चार गोड आठवणी लिहा. मी त्यांना म्हटलं, गोड आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्या मी घरी नातवंडांना सांगतो. तुमच्यासाठी लिहायचं तर जी आठवण इतकी वर्षं झाली तरी घशाखाली उतरलेली नाही तीच लिहीन. छापायची तर छापा.

हे बोलण्याला कारण होतं. त्याच आठवड्यात एका शहरातल्या मोठ्या ख्रिस्ती मंडळीत मला सत्काराला बोलावलं होतं. इमारत देखणी. एका खोलीच्या दारावर पाटी होती, ‘उपासना संगीत विभाग’, आणि शेजारच्या दारावर दुसरी, ‘शिष्यत्व वर्ग’. गिटार घेऊन बसलेल्या एका तरुणाला मी विचारलं, बाबा, तू त्या शेजारच्या वर्गात जातोस का? तो म्हणाला, सर, कसं जमणार, दोन्हींची वेळ एकच असते. सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही. मला शाल दिली, नारळ दिला, मी ते घेऊन घरी आलो आणि रागारागात हे लिहायला बसलो.

मी पेटीमास्तर होतो. सत्तरच्या दशकात वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता, आणि आमच्या मिशननं त्या बाजूच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना गाणी शिकवायला मला ठेवलं होतं. पेटी गोणपाटात गुंडाळायची, एस.टी.च्या टपावर चढवायची, कंडक्टरशी हुज्जत घालायची आणि मेडशीला किंवा वाशीमकडच्या मालेगावला उतरून पुढे ती डोक्यावर घेऊन चालायचं. काही गावं जऊळक्याला रेल्वेनं उतरून गाठायची. छोट्या रुळांची गाडी, इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जायचा आणि भात्यातही जायचा. पेटी खोकायला लागली की मी समजायचो, हा जऊळक्याचा कोळसा.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. पेटी वाजवायची, लोकांनी मागून म्हणायचं. पण ज्यांच्यासाठी मी जायचो त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या हातात शास्त्र देऊन उपयोग नव्हता, गाण्याची पुस्तकंही नुसती टाळ वाजवताना मांडीखाली ठेवायला कामाची. त्यांना देवाबद्दल जे काही कळायचं ते गाण्यातून. तेव्हा गाणं हेच त्यांचं पुस्तक आणि गाणं हीच त्यांची शाळा. एक ओळ चुकीची बसवली तर गावाचा देव चुकायचा. म्हणून मी घाई करत नसे. पट्टी ठरवताना गावातल्या उत्तम गळ्याकडे बघायचं नाही, सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे बघायचं. तिला जिथून म्हणता येईल तिथून सुरू करायचं. गळेवाले कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यायचं.

आणि दुसरी गोष्ट, साक्ष. ही माझी पद्धत नव्हती, माझ्या आधीच्या म्हाताऱ्या मास्तरांची होती, मी ती सोडली नाही. आमच्या मंडळ्यांत गाण्याची ओळ एक जण उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. नियम असा की जो ओळ उचलेल त्यानं गाणं थांबलं की साक्ष द्यायची, म्हणजे ही ओळ माझ्या घरात, माझ्या शेतात, माझ्या चुलीपाशी कशी खरी झाली किंवा कुठे अडली ते उभं राहून सांगायचं. सांगता येत नसेल तर ओळ उचलायची नाही, नुसती झेलायची. त्यात कमीपणा नाही.

या साक्षीनं गंमती फार व्हायच्या. एका गावात प्रामाणिक हातांचं एक गाणं मी बसवलं. त्या गावच्या एका शेतकऱ्यानं, आमच्यापैकी ज्या थोड्यांना जमीन होती त्यांतला तो, दर वर्षी नांगर थोडा थोडा आत घालून शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरला होता. साक्षीची वेळ आली तेव्हा तो गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यानं धुरा होता तिथे परत नेला. शेजारी हिंदू शेतकरी, त्याला हे पाहून घाम फुटला. आजवर धुरा पुढे सरकलेला त्यानं पाहिला होता, मागे सरकलेला कधी नाही. यात काहीतरी डाव आहे म्हणून तो पोलीस पाटलाला घेऊन आला. शेवटी मला बोलावून गाण्याचा अर्थ सांगावा लागला. तो शेजारी नंतर कधीमधी भजनाला येऊन दाराशी बसायचा. त्याचं म्हणणं असं की हे गाणं माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यालाही शिकवा.

आता ज्या गावाबद्दल सांगायचं आहे ते मेडशीहून पायी गाठायचं गाव. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथे आहेत. तिथली मंडळी आमच्या भागात पहिल्या नंबरची. सगळी घरं पूर्वाश्रमीच्या महारांची, म्हणजे माझ्याच घरासारखी. आमच्यातले पुष्कळ भाऊबंद छप्पन सालानंतर बौद्ध झाले होते, आमची घरं त्याआधीच ख्रिस्ती झालेली. मंडळीचा म्होरक्या शामुवेल. पेटी तोच वाजवायचा, ओळही तोच उचलायचा. त्याचा गळा असा होता की तो गायला लागला की बाजाराला निघालेली माणसं बैलगाडी थांबवून ऐकायची. त्याच्या गळ्यापुढे मी कधीच टिकलो नसतो, हे आजही कबूल करतो.

पण साक्षीला उभा राहिला की शामुवेलचं गाणं थेट बायबलातल्या मिसर देशात जायचं. फारो, चाळीस वर्षांचं रान, दुभंगलेला समुद्र, सगळं रंगवून सांगायचा. लोक तल्लीन व्हायचे. स्वतःच्या उंबऱ्याबद्दल मात्र त्यानं एवढ्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता. मी एकदोनदा टोकलं तर म्हणाला, मास्तर, शास्त्रातली साक्ष मोठी का माह्या घरची? लोकांना तेच पटलं.

या मंडळीचा जुना ढोलकीवाला गिरणीत कामाला लागून अकोल्याला गेला आणि मंडळी अडली. त्याच सुमाराला किसन आणि त्याची बायको गिरजाबाई यांचा बाप्तिस्मा झाला. किसनचं घराणं मांगांचं, वाजंत्र्यांचं. लग्नात, जत्रेत डफडं वाजवणं हा पिढीजात धंदा. बाप्तिस्मा घेताना आमच्या पाळकसाहेबांनी त्याला अट घातली की मरीआईच्या जत्रेत वाजवायचं नाही, देवीच्या पालखीपुढे वाजवायचं नाही. किसननं डफडं खुंटीला टांगलं. त्याच्या भावकीनं त्याला वाळीत टाकलं, लग्नाच्या सुपाऱ्या गेल्या, नवराबायको कापूस वेचायला जाऊ लागले. आमच्या सबंध मंडळीत ख्रिस्तासाठी काही सोडावं लागलेला मला तरी तो एकच माणूस दिसत होता. बाकी आम्ही सगळे ख्रिस्ती घरात जन्मलो होतो, सोडायला हातात होतं काय?

त्याची ढोलकी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या पेटीवरची बोटं थांबली. धुमाळीचा ठेका असा की म्हाताऱ्यांचे गुडघे हलायला लागायचे. मंडळीनं त्याला लगेच घेतलं. मला आनंद झाला. मला वाटलं, चला, महार-मांगांना एकत्र बसवायचं जे काम पाळकसाहेबांच्या उपदेशानं होत नाही ते ढोलकीनं केलं.

हळूहळू दिसायला लागलं. किसन मंडळीत बसायचा, पण पेटीपासून अंतर ठेवून, दाराच्या अंगाला. विचारलं तर शामुवेल म्हणायचा, तिथं आवाज चांगला घुमते. भजन झाल्यावर एकत्र जेवायची जुनी रीत होती, ती किसन आल्यापासून बंद पडली होती, आता ज्याची त्याची भाकर ज्याच्या त्याच्या घरी. विचारलं तर, बायकांना त्रास होते. प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि एकाच पेल्यातला रस वाटून घ्यायच्या विधीला, किसन आणि गिरजाबाई सगळ्यांत मागे बसायचे, नवे लोक मागे बसतात म्हणून, आणि पेला त्यांच्यापर्यंत शेवटी पोचायचा. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण ऐकायला बरं होतं. माझा बौद्ध झालेला चुलतभाऊ मेडशीच्या शाळेत शिक्षक होता. त्याला हे कळलं तेव्हा तो मला म्हणाला, दादा, उतरंड मोडासाठी आपण निघालो ना घरून, मंग तिच्यातलं खालचं मडकं सोबत कायले नेलं? मला राग त्याचाच आला, कारण तो खरं बोलत होता.

त्या वर्षी मी एक नवीन गाणं बांधलं. जात्यावरच्या ओवीची चाल, लग्नाच्या मांडवाचं रूपक. त्यातली मुख्य ओळ होती,

तुझ्या मांडवात देवा, नाही उंच-नीच पाट,
ज्याला नाही कुठं जागा, त्याची तूच पाहे वाट.

हे गाणं जऊळक्याच्या मेळ्यासाठी होतं. कापूस वेचून झाला, तूर निघाली की स्टेशनच्या पलीकडच्या मोकळ्या रानात आमच्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचा मेळा भरायचा. मांडव पडायचा, लोक गाडीनं, बैलगाडीनं यायचे, भजनांची चढाओढ व्हायची आणि पहिल्या मंडळीला पितळेची ढाल मिळायची. शामुवेलला गाणं ऐकताक्षणी कळलं की ढाल आपली. त्यानं ओळ उचलली आणि साक्षीला उभा राहून पुन्हा फारोकडे गेला.

त्या दिवशी भजन उठल्यावर किसन माझ्याबरोबर वेशीपर्यंत पेटी घेऊन आला. कधी फार बोलत नसे. वाटेत म्हणाला,

“मास्तर, मायी ओळ कोणती?”

मला कळलं नाही. तो म्हणाला, “सारे साक्ष देतेत. मले कोनी इचारत नाई. ढोलकीवाल्याले ओळ नसते म्हन्तेत. हात गुंतले रायतेत म्हून.”

आणि हे खरं होतं. आमच्या कुठल्याच मंडळीत ढोलकीवाला ओळ उचलत नसे. तो ठेका धरणार की गाणार, असा साधा विचार, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. जुन्या ढोलकीवाल्यानं त्याची कधी तक्रार केली नव्हती, कारण त्याला बोलायला दुसऱ्या शंभर जागा होत्या. किसनला ही एकच होती. मी म्हटलं, या गाण्यातली मांडवाची ओळ तुझी. पुढच्या बैठकीला तूच उचल.

त्यानं उचलली. आवाज फाटका होता, रानात हाळी घालणाऱ्या माणसाचा. ठेका मात्र एका मात्रेनंही हलला नाही. साक्षीला उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की मले ह्या गावात पाट कोनी देल्ला नोता, देवानं देल्ला, मी बसलो. बस. बसला खाली. बायकांच्या बाजूला गिरजाबाई पदरानं डोळे पुसत होती. शामुवेल पेटीकडे बघत होता. माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकलेली ती सगळ्यांत लहान साक्ष होती, आणि मिसर देशात एकदाही गेली नाही.

मेळ्याच्या सकाळी मी जऊळक्याला पोचलो आणि आमच्या मंडळीत ढोलकीवर एक अनोळखी माणूस बसलेला पाहिला. बाजारातला भाडोत्री ढोलकीवाला. माणूस चांगला होता, हात सफाईचा, पण हिंदू, आमच्या गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. किसन मांडवाच्या कडेला बांबूला टेकून बसला होता. त्याला सांगितलं गेलं होतं की तुझा हात जड आहे, मेळ्याले बारीक हात लागते. त्या भल्या माणसानं ते खरं मानलं होतं. मी पाहिलं तेव्हा तो स्वतःच्या मांडीवर बोटांनी हलका ठेका धरून बघत होता, पुढच्या वर्षासाठी.

मी शामुवेलला बाजूला घेतलं. आधी तो जड हाताचंच सांगत राहिला. मी सोडलं नाही तेव्हा खरं बोलला. आमच्या मेळ्याची रीत अशी की शेवटच्या दिवशी प्रत्येक मंडळी ज्या क्रमानं गायला बसते त्याच क्रमानं प्रभुभोजनाला बसते. उजव्या टोकाला ढोलकी, मग पेटी, मग टाळ, मग गाणारे. आणि पेला उजवीकडून सुरू होतो. म्हणजे पहिला घोट ढोलकीवाल्याचा. गावात किसनला शेवटी बसवून निभावत होतं. इथे सगळ्यांना त्याच्यानंतर प्यावं लागलं असतं.

“म्या काय करू मास्तर,” शामुवेल म्हणाला, “आपलं मानूस दुसरं नोतं. हा भाड्याचा बरा, हा पेला घेत नाई. मंग पेला माह्यापासून सुरू होईन.”

हे ऐकून मी जे काही बोललो ते नाताळच्या अंकात छापण्याजोगं नाही. उंच-नीच पाट नाही हे गाणं नीट म्हणता यावं म्हणून या लोकांनी परधर्मी माणूस पैसे देऊन आणला होता आणि ज्याची ती ओळ त्याला बांबूशी बसवला होता. आणि यात त्यांना काही विचित्र दिसत नव्हतं. गाणं ते गाणं, पेला तो पेला. मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मास्तर, आज मेळ्याचा दिवस आहे, वातावरण बिघडवू नका, जात हळूहळू जाईल. ती किती हळू जात आहे हे त्यांनी कधी वळून पाहिलं होतं का, कोण जाणे.

गाणं झालं. अप्रतिम झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. शामुवेलनं मांडवाची ओळ उचलली तेव्हा सगळा मांडव शहारला. एका बाईनं माझे हात धरून सांगितलं, मास्तर, देव उतरला होता. मला वाटलं, उतरला असेल तर तो बांबूपाशी बसला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभुभोजन. भाकरीचे तुकडे आणि वाशीमहून आणलेल्या मनुका भिजवून काढलेला रस. मंडळी अर्धगोलात बसली. भाडोत्री ढोलकीवाला आदल्या दिवशीच घरी गेला होता. उजव्या टोकाला ढोलकी होती, तिच्यामागची जागा मोकळी. बाहेरगावचे एक वयस्कर पाळक पेला घेऊन उभे होते, त्यांना या मंडळीतलं कुणी ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून गिरजाबाई उठली. किसन तिला बघत होता, पण त्यानं थांबवलं नाही. डोक्यावरचा पदर नीट करत ती चालत आली आणि ढोलकीमागे नवऱ्याच्या जागी बसली. म्हाताऱ्या पाळकांनी रीतीप्रमाणे पेला पहिल्या माणसाला दिला. ती प्याली. आमच्याकडे पेला शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यायचा असतो. तिनं तो दोन्ही हातांनी शामुवेलपुढे धरला.

शामुवेलनं पेला घेतला, ओठांजवळ नेला आणि ओठ न लावता पुढच्याला दिला. पुढच्यानं तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही. पेला सगळ्या अर्धगोलातून फिरून म्हाताऱ्या पाळकांकडे परत आला तेव्हा गिरजाबाईचा एक घोट सोडला तर रस जसाच्या तसा होता. त्यांनी आत पाहिलं, गिरजाबाईकडे पाहिलं. उरलेला रस पाळकानं संपवायचा असतो. ते उभ्या उभ्या सगळा प्याले. सगळ्या मेळ्यात तिच्यानंतर प्यालेला तो एक माणूस.

दुपारी ढाल मिळाली ती शामुवेललाच. टाळ्या पडल्या.

पुढे वाशीमला मिशनची कमिटी बसली. मला वाटलं, त्या पेल्याबद्दल बसली. नाही. विषय असा होता की एक स्त्री गाणाऱ्या मंडळीची सभासद नसताना पुरुषांच्या जागी बसली आणि पवित्र भोजनात गोंधळ झाला. ठराव झाला, गिरजाबाईला शिस्तीखाली ठेवावं. आमच्यात शिस्त म्हणजे तिनं प्रभुभोजन घ्यायचं नाही, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायचं नाही, आणि मुदत संपली की सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची. रस न पिता पेला पुढे सरकवणाऱ्या एवढ्या पुरुषांबद्दल एक अक्षर नाही. ओठ लावले की नाही हे कोण सांगणार, असं अध्यक्ष म्हणाले.

मी म्हटलं, मी सांगतो. मी गाणं शिकवलं आहे, ते खोटं म्हटलं गेलं हे मीच सांगणार. जे लोक हे गाणं गातात आणि तो पेला पीत नाहीत त्यांना गाणं येत नाही, मग ढाल मिळो की आणखी काही. अध्यक्ष माझं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, “मास्तर, तुम्ही गाणं शिकवा. शिष्य घडवायचं काम आमच्याकडे आहे.”

हे वाक्य मला इतक्या वर्षांत झोपेतही आठवतं. शिष्य घडवायचं काम यांच्याकडे. ज्या माणसांना वाचता येत नव्हतं, ज्यांच्याकडे देव फक्त गाण्यातून पोचत होता, त्यांना गाण्याबाहेर कुठे घडवणार होते हे लोक? त्यांनी घडवलं ते असं की ओळ गळ्यात ठेवायची, छातीत उतरू द्यायची नाही.

शिस्तीची मुदत पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी संपत होती. सणाची गाणी बसवायला मी त्या गावी गेलो होतो, म्हणून त्या रविवारी देवळात होतो. गिरजाबाईला काय म्हणायचं ते पाळकसाहेबांनी आधी सांगून ठेवलं होतं. माझी जागा सोडून मी बसले, मंडळीनं मला क्षमा करावी, एवढंच. ते म्हटलं की शिस्त उठली.

पाळकसाहेबांनी नाव घेतलं. ती उभी राहिली. किसन दाराशी ढोलकी घेऊन बसला होता, मेळा संपल्यावर त्याचा हात पुन्हा मंडळीला जड वाटेनासा झाला होता. मग तिनं ती ओळ उचलली. गाणाऱ्या बाईचा गळा नव्हता तिचा, कापसाच्या रानातला होता, उघडा. तुझ्या मांडवात देवा, नाही उंच-नीच पाट. किसनचा हात ढोलकीवर पडला.

आणि मंडळीनं ओळ झेलली. सवयीनं. एवढे महिने बसवलेलं गाणं, ओळ कानावर पडली की तोंड उघडायचंच. आधी बायकांनी झेलली, मग पुरुषांनी, मग शामुवेलची बोटं आपोआप पेटीवर गेली आणि दुसऱ्या फेरीला त्याच्या त्या गळ्यानं सगळ्यांच्या वर चढून स्वतःच ती ओळ उचलली. सवय. देऊळ भरून गेलं. गिरजाबाई गायची थांबली आणि तो संपेपर्यंत उभी राहिली. गाणं थांबलं तेव्हा ती त्याच्याकडे वळली.

“आता साक्ष द्या, भाऊ,” ती म्हणाली. “ओळ तुमी उचलली.”

शामुवेल उभा राहिला, कारण ओळ उचलणाऱ्यानं उभं राहायचं असतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याची म्हातारी आई, मुलं, भाऊबंद. मी मनातून देवाला म्हणत होतो, बोल, काहीही बोल, चुकलं म्हण, नाही जमत म्हण, पण आज घरचं बोल. त्याचे ओठ हलले. त्या दिवशी त्याला फारोसुद्धा आठवला नाही. तो खाली बसला.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना सुरू केली. नंतर देवळाबाहेर त्यांनी मला सांगितलं की तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे शिस्त उठत नाही. मी म्हटलं, आणि त्याचं? ते म्हणाले, त्यानं काय केलं? नुसतं गाणं तर म्हटलं.

त्याच आठवड्यात मंडळीनं निर्णय घेतला. मला वाटलं होतं, आता तरी किसनला पेटीशेजारी बसवतील. ते सोपं होतं, दोन हात जागा द्यायची होती. त्यांनी गाणंच बंद केलं. ज्या गाण्यानं ढाल मिळवून दिली, जे ऐकायला लोक बैलगाडी थांबवत होते, ते गाणं त्या गावात पुन्हा म्हणायचं नाही असं ठरलं. पाळकसाहेबांनी मला समाधानानं सांगितलं की मास्तर, वाद मिटला. मी त्या गावी गाणी शिकवायला जाणार नाही असं लिहून दिलं. मिशननं मला कारंज्याकडे, धनजच्या बाजूच्या गावांत टाकलं. त्याचं मला दुःख नाही, तिकडेही माणसंच होती.

पण मेडशीहून कुणी भेटलं की मी विचारायचो. किसन वाजवायचा अजून, दाराशी बसून. गिरजाबाई शिस्तीखालीच होती, तरी एकही रविवार चुकवत नव्हती. आता ती मागे बसत नसे. सगळ्यांत पुढे, शामुवेलच्या पेटीसमोर येऊन बसायची आणि गाणी सुरू झाली की त्याच्या तोंडाकडे बघत गप्प राहायची. नव्या पाळकांनी एकदा तिला न राहवून सांगितलं की बाई, झालं गेलं विसरा, मी तुमची शिस्त उठवतो, आता सगळ्यांबरोबर गा.

ती म्हणाली, “म्हनीन ना साहेब. माह्या ओळीपासून सुरू करा.”